दिसणारा हात

नागभीड,
१४ जुलै २०२४

बहिऱ्या बुढीले गाण्यातलं विचारून राह्यली तू. लाज नाई वाटत काय? काल तुहा बाप मिलवरून आला, हातपायही धुतले नाई, अन फोन माह्या नाकासमोर धरला. तोंड मोठ्ठं करून म्हणे, माय, दिव्यानीनं तीन पिच्चर पाठवले, तीनही पाह्य अन कोणता माणूस चांगला ते तिले लिहून कळव. कोट घातलेले तीन माणसं काड्या हालवतात, समोर पन्नास जण बसून वाजवतात, अन मले त्यातला एक टिपूस आवाज नाई. अशी थट्टा शेजारच्या आशाबाईनं केली असती तर तिच्या सुनेपुढं तिच्या माहेरचे सगळे किस्से काढले असते मी. तू नात पडली.

आता जयभीम. माही तब्येत बरी हाय. गुडघा दुखते, तो दुखणारच. धानाचे रोवणे लागले, गावात बाई भेटत नाई अन बाईले उसंत भेटत नाई.

तुह्या बापानं, प्रफुलनं, मले समजावलं ते असं. चुकलं असन तर सांग. तुमच्या पुण्याच्या त्या मोठ्या बँडचा जुना मास्तर परदेशी गेला. तुम्ही त्याले कंडक्टर म्हणता. त्याच्या जागेवर तीन जण आलटून-पालटून, प्रत्येकाले दोन-दोन महिने, उभे करून पाहणार. दिवाळीच्या आत वाजवणाऱ्याईनं चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याच्या जास्त तो कायमचा. तुही पण एक चिठ्ठी. अन तुही जागा वर्षा-वर्षाची, पुढच्या मार्चात तुले ठेवायचं का काढायचं ते जो मास्तर होईन तो ठरवणार. एवढं असन तर गोष्ट थट्टेची नाई, म्हणून लिहून राह्यली.

फोनवर बोटं टोचून लिहिणं मले जमत नाई, कागदावरच घे.

मी काडीवाल्याकडं कमी पाह्यलं, समोर बसलेल्याईकडं जास्त. पहिला तो केसवाला. घामाघूम होते, डोळे मिटते, छातीवर हात धरते. त्याच्याकडं मान वर करून पाहणारे किती ते मोजले. चार. बाकीचे कागदात डोकं घालून. म्हणजे वाजवणाऱ्याईले त्याची गरज नाई, तो मागच्या खुर्च्याईसाठी नाचून राह्यला, वरातीतल्या पिलेल्या काकावाणी. हा गेला.

दुसरा चष्म्याचा. त्याचं नाव मी चौकोन्या ठेवलं. हात खाली, डावीकडं, उजवीकडं, वर. मंग पुन्हा खाली, डावीकडं, उजवीकडं, वर. बिन आवाजाचंही मले कळलं का आता सुरू अन आता बंद. प्राथमिक शाळेच्या कवायतीले असा माणूस सोन्यासारखा. पण समोरच्याईचे तोंडं पाह्यले काय? ड्युटीवर बसल्यासारखे. कधी सुट्टी होते अन कधी डबा उघडतो.

तिसरा वाळलेला, टकला. त्याचा हात हालते का नाई तेच मले दिसेना. दोनदा प्रफुलले म्हटलं, फोन अटकला काय रे? तो म्हणे, नाई माय, चालू हाय. मंग त्याले सोडून मी बाकीच्याईकडं पाह्यलं. ते सगळे एकमेकाकडं मान वाकवून होते, शेकोटीपाशी कोणी हळू आवाजात गोष्ट सांगते तेव्हा बसतात तसे. एक जाडी बाई दोन पायाच्या मधात मोठ्ठं सारंगीवाणी काही धरून बसली होती, ती वाजवता वाजवता हासत होती. टकल्यानं नुसते दोन बोटं खाली केले अन पन्नास माणसं संगच थांबले. कोणी दचकलं नाई. हा माहा मुका. हाच चांगला.

तुहा आबाजी पंचवीस वर्षं बँडमास्तर होता. त्याच्या हाती काडी नव्हती, तुह्यासारखीच क्लॅरनेट होती. तिचं तोंड वर गेलं का पोरं समजायचे. पण तो म्हणे, माह्या तोंडाकडं पाहून वाजवणारा पोरगा मले नको, शेजाऱ्याचं ऐकून वाजवणारा दे. म्हणून वरातीत कितीही धिंगाणा झाला तरी त्याचा बँड तुटला नाई.

चिठ्ठी मुक्याले टाक. पोटभर जेव.

रुखमा


पुणे,
२ ऑगस्ट २०२४

आजी, जयभीम.

थट्टा नाही केली. तुझं पत्र दोनदा वाचलं आणि बसमध्ये हसले. केसवाला हे नाव इथे सगळ्यांना आवडलं, आता तो आला की मागच्या रांगेत खोकला सुटतो.

मुक्याबद्दल तू लिहिलंस तेच इथे बरेच जण म्हणतात. पण आजी, वाजवायला बसल्यावर कळतं. तो सुरुवातीची खूणच देत नाही. काल मी विचारलं, "सर, माझी जागा दाखवाल का?" तर म्हणाला, "माझ्याकडे काय बघता? शेजारच्याला ऐका, जागा आपोआप सापडेल." असं कुठं असतं का? चौकोन्या निदान बोट दाखवून सांगतो की इथे ये. कंटाळवाणा असेल, पण त्याच्या हाताखाली कोणी चुकत नाही. मला तर वाटतं तोच बरा.

बाबाच्या फोनवर आणखी एक पाठवते आहे. सरावाचा आहे, एका मैत्रिणीने मागच्या खुर्चीवरून घेतला. आधी मुका आहे, मग चौकोन्या. दुसऱ्या रांगेत मी दिसेन. तू मला नको बघू, हात बघ. आवाज नसताना, लांबून, चौकोन्याचा हात स्पष्ट कळतो की नाही तेवढं सांग. एकदा तू लिहिलंस की मी निश्चिंत चिठ्ठी टाकेन.

हे तुझ्याशिवाय कोणाला विचारू? इथे सगळे कानानेच बघतात.

गुडघ्याला तेल लाव.

तुझी
दिव्यानी


नागभीड,
१८ सप्टेंबर २०२४

दिव्यानीले जयभीम.

धान पोटरीले आलं. पाणी बरं हाय. तुही माय अन बाप बरे हायेत.

पिच्चर चार वेळा पाह्यला. तीन वेळा हातासाठी. चौथ्यांदा तुह्यासाठी, कारण तू मले नको पाहू म्हणून लिहिलं होतं.

मुका उभा असते तेव्हा मागच्या रांगेत कोणाचं तरी कागद ठेवायचं लोखंडी स्टँड पडते. पडताना मले दिसलं. चांगलंच दणकून पडलं असन, कारण सगळ्याईच्या माना वळल्या. जाडी बाई तर अर्धी उठली. मुक्याचा हात हवेतच राह्यला. एक मान नाई वळली. तुही. तुहे डोळे कागदात होते अन बोटं चालूच होते. मंग सगळे तुह्याकडं पाहून राह्यले, तेव्हा तू थांबली, इकडं-तिकडं पाह्यलं, अन हासली.

ते हासणं मले माहीत हाय. ते माह्या तोंडावरचं हाय.

कधीपासून?

मले खोटं सांगू नको, कारण या एका कामात मी मास्तर हाय. शेजारचा हासला का हासायचं, तोंड पाहून हो म्हणायचं, गर्दीत भिंतीपाशी बसायचं का पाठीमागून कोणी हाक मारू नये. हे सगळं मले येते. माही माय सोमारी चाळिशीत ठार बहिरी झाली. कामावर बाया म्हणायच्या, माजली हाय, ऐकत नाई. माहे कान तुह्या आत्याच्या वेळच्या बाळंतपणानंतर जड व्हायले लागले. तुह्या बापाचे कान चांगले, आत्याचेही चांगले, म्हणून मी समजली का हे आमच्या दोघीसंग मरते. कोणाले सांगतलं नाई. तुले तर सांगायलेच पायजे होतं, तू ते वाजवायचं घेऊन बसली तेव्हाच.

तुले गावानं सांगतलं असन का आबाजी गेला त्या धक्क्यानं आजीचे कान गेले. तसं नाई. त्याच्या किती तरी आधी गेले होते. ते केव्हा तरी लिहीन, आज नाई.

आता तुह्या सवालाचं. चौकोन्याचा हात लांबून कळते. बिन आवाजाचाही कळते. पण तू मले चांगला कोण ते विचारत नव्हती. बहिऱ्या माणसाले कोण दिसते ते विचारत होती, अन माही सही पायजे होती का तोच चांगला. तो चांगला नाई. तो दिसते, एवढंच. मुक्याच्या हाताखाली पन्नास माणसं एक होतात, ते मले कान नसून दिसलं. तुले कान असून दिसत नसन तर तुहे डोळे खराब. अन कानच नसतीन, तर ते त्याले जाऊन सांग. त्या माणसाचा काय गुन्हा?

डॉक्टरले दाखव. उत्तर लवकर पाठव.

रुखमा


पुणे,
३ ऑक्टोबर २०२४

आजी, जयभीम.

काहीतरीच काय. वाजवताना मी गुंगून जाते, इथे सगळ्यांना माहीत आहे. स्टँड तर रोज पडतात. तू एकटी बसून फोनमध्ये डोकं घालतेस आणि नाही नाही ते दिसतं तुला. तुझे कान माझ्या माथी मारू नकोस.

चिठ्ठ्या पंचवीस तारखेला आहेत. मी ठरवेन.

बाबाला यातलं काही सांगू नकोस. तो उगाच गाडी पकडून इथे येईल.

दिव्यानी


नागभीड,
१२ ऑक्टोबर २०२४

खोटं लिहिताना तुहं अक्षर सुंदर येते. पाचवीतही तसंच होतं.

डॉक्टरले दाखव.

रुखमा


पुणे,
९ फेब्रुवारी २०२५

आजी,

चार महिने लिहिलं नाही. तूही लिहिलं नाहीस. तू नाही लिहिलंस हे बरं केलंस, नाहीतर मी आणखी खोटं लिहिलं असतं.

तू विचारलं होतंस कधीपासून. दोन वर्षं. आधी जाड आवाज गेले, ढोल, माणसांचं बोलणं. मग फोन. दिवाळीनंतर डॉक्टरकडे गेले. कानातलं एक बारीक हाड जागच्या जागी घट्ट होत चाललं आहे. घरात कोणाला होतं का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हो, आजीला, तिच्या आईला. ऑपरेशन होतं म्हणाले. बहुतेकांना गुण येतो, एखाद्याचं आहे तेही जातं. मी कागद घेऊन परत आले.

आता ऐक, मी इतके दिवस कसं वाजवत होते ते. क्लॅरिनेट दातांत धरतो ना आपण. तिचा आवाज दातातून हाडात चढतो आणि डोक्यात घुमतो. त्याला कान लागत नाहीत. म्हणून माझी क्लॅरिनेट मला सगळी ऐकू येते, पूर्वीपेक्षा मोठी. ऐकू येत नाहीत ते बाकीचे पन्नास. चौकोन्याचा हात दिसत असला की मी त्याच्यावरून मोजते. मुका म्हणायचा, शेजारच्याला ऐका. माझ्या शेजारी कोणी नव्हतंच आजी.

मी चिठ्ठी चौकोन्याला टाकली. चौकोन्या चोवीस, मुका तेवीस, केसवाला चार. एका चिठ्ठीचा फरक.

निकाल लागल्यावर मुका रांगेतून फिरला, प्रत्येकाचा हात हातात घेतला. माझ्यापाशी थांबला आणि ओठ हळू हलवत बोलला, मला सगळं कळलं. म्हणाला, "तुमचा सूर फार सुंदर आहे. तो बाकीच्यांत मिसळावा म्हणून मी दोन महिने धडपडलो, मला नाही जमलं. माझ्याच हातात काही कमी असेल." मी हसले. तेच, तुझ्या तोंडावरचं. तो आता कुठल्या तरी शाळेत मुलांना शिकवतो. म्हणतात, मोठ्या वाद्यवृंदासमोर पुन्हा उभा राहायला तयार नाही.

मग गेल्या आठवड्यात, एक तारखेला, मोठा कार्यक्रम होता. सगळं भरलेलं. चौकोन्याने घाईत दोन पानं एकदम उलटली आणि सगळ्यांना एक आवर्तन आधीच खूण केली. हात अगदी स्पष्ट होता. पन्नास जणांच्या कानांना कळलं की हात चुकला, ते थांबून राहिले. मी एकटी त्याच्या हाताबरोबर आले. एकटी वाजवत राहिले, आजी, त्या एवढ्या मोठ्या शांततेत. आणि मला काय वाटत होतं सांगू? मला वाटत होतं, आज आम्ही सगळे किती छान एकत्र वाजवतो आहोत.

सेलोवाली बाई, तुझी ती जाडी, तिने माझ्याकडे पाहिलं तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी चौकोन्या सगळ्यांसमोर म्हणाला, "काही जणांना अजून मोजता येत नाही." पानं कोणी उलटली हे सगळ्यांना माहीत होतं. कोणी बोललं नाही. मीही नाही. "तुमच्याच हाताबरोबर आले" म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न आला असता, "बाकीचे गप्प आहेत हे ऐकू नाही आलं का?"

एकतीस मार्चला माझं वर्ष संपतं. तो मला ठेवणार नाही. मी गावी येते. बाबाच्या मिलमध्ये ऑफिसात काही काम बघते, क्लॅरिनेट पेटीत घालून ठेवते. कोणाला काही सांगायला नको. तू नाही का जगलीस, कोणाला न सांगता?

बाबाला सांगू नकोस.

दिव्यानी


नागभीड,
२३ फेब्रुवारी २०२५

जगली. कशी ते वाच.

तुहा आबाजी नवीन धून बसवायचा तेव्हा बँडच्या पोराईच्या आधी मले ऐकवायचा. परसात जांबाच्या झाडाखाली बसून वाजवायचा अन मंग विचारायचा, कशी वाटली? माहे कान गेले तरी त्यानं ते सोडलं नाई. घरात एवढंच माहीत होतं का माह्या एका कानानं जरा कमी येते. मी त्याच्या तोंडाकडं पाहायची. भुवया वर असल्या का म्हणायची, लय मस्त. तोंड आखडलेलं असलं का म्हणायची, मधात थोडं बदल. तो खुश व्हायचा. लोकाईले सांगायचा, माह्या बायकोसारखा कान अख्ख्या चंद्रपूर जिल्ह्यात नाई. बारा वर्षं हे चाललं. त्यातली एकही धून मले माहीत नाई.

सांगतलं काऊन नाई? लाजेनं. दुसरं कारण नाई. बँडमास्तरची बायको बहिरी. लोक हासतीन अन तो मले दाखवायचं बंद करन. तेवढं एकच तो माह्यापाशी येऊन बसायचा.

तो गेला तो दिवस तुले आठवते, तू नववीत होती. हार्टनं गेला म्हणून सांगतलं तुम्हाले, ते खरं हाय. दुपारचे चार वाजले असतीन. तो परसात क्लॅरनेट पुसून राह्यला होता. मी इकडं दारात पाठ करून तांदूळ निवडून राह्यली होती. मधात अंतर किती, तू पोरगी असताना लंगडी घालत जायची तेवढं. तांदूळ झाले, सूप ठेवलं, त्याले चहा विचारायले गेली, तर तो आडवा पडला होता. हात गार.

तेराव्या-चौदाव्या दिवशी आशाबाई बसायले आली. ती म्हणे, रुखमा, त्या दिवशी भाऊ तुले हाका मारत होते. पाच-सहा वेळा मारल्या. मी भांडे घासून राह्यली होती, म्हटलं रुखमा घरातच हाय, जाईनच. तिनं ते सहज सांगतलं. तिले वाटलं का मी गेली असन.

सगळ्या आळीनं ऐकल्या. दहा पावलावर मी होती.

आशाबाईले माह्या कानाचं माहीत असतं तर ती भिंतीवरून उडी मारून आली असती. एवढंच. बाकी डॉक्टर कुठी होता, गाडी कुठी होती, तो वाचला असता का नाई, ते मले माहीत नाई अन मी विचारतही नाई. पण हाक मारल्यावर कोणी आलं असतं.

त्यानंतर वर्षभरानं मी जाहीर केलं का आता मले काहीच ऐकू येत नाई. लोक म्हणे, बिचारी, नवऱ्याच्या दुःखानं कान गेले. मी तसंच राहू देल्लं. बाया हळदीकुंकवावाणी माह्याकडं यायच्या, हात हातात घ्यायच्या. त्याही मी घेऊ देल्ल्या.

तर अशी जगली. पाहिजे असन तर तूही जग.

तू लिहिलं बाबाले सांगू नको. मी सांगतलं. तुह्या कानाचं, माह्या कानाचं, अन आबाजीच्या हाकाईचं. तिन्ही. तुह्या पत्रानंतर मले वाटलं का एकीचं सांगून दुसरीचं झाकलं तर ते सांगणं कशाचं? प्रफुल जेवून राह्यला होता. त्यानं ताट बाजूले सरकवलं. मले म्हणे, बाबा हाका मारत होता? मी ओठावरून वाचलं, पुन्हा विचारायची गरज नव्हती. मी हो म्हटलं. तो उठून गेला. आज चार दिवस झाले, माह्याशी बोलला नाई. बोलला असन तर मले ऐकू आलं नाई. पण तुह्या ऑपरेशनचे कागद त्यानं तुह्याकडून फोनवर मागवले, हे मले तुह्या मायनं पाटीवर लिहून दाखवलं.

आता तुहं.

चौकोन्या तुले ठेवते का काढते, ती त्याची मर्जी. तो पान उलटायले चुकला हे तू त्याच्या तोंडावर सांग अन तुले ऐकू येत नाई हेही त्याच दमात सांग. वेगवेगळं सांगशीन तर भांडण होईन, संग सांगशीन तर खरं होईन. मंग काढलं तर ये. मिलमध्ये बसायचं असन तर बस, क्लॅरनेट पेटीत घालायची असन तर घाल. मी अडवत नाई. वाजवल्यानं कोणी मोठं होत नाई अन नाई वाजवल्यानं कोणी मरत नाई. बहिऱ्या बाया धान रोवतात, लेकरं पोसतात, म्हाताऱ्या होतात.

पण त्या मुक्याचं तसं नाई. तो माणूस कुठल्या तरी शाळेत लेकराईसमोर उभा राहून विचार करत असन का माह्या हातात काय कमी होतं. त्याच्या हातात काही कमी नव्हतं, ते तुले माहीत हाय अन मले माहीत हाय. तिसऱ्या कोणाले माहीत नाई. तू त्याच्या समोर दोन महिने बसली. त्यानं तुले आपल्यात ओढायसाठी जीव टाकला अन तू हासत बसली. तुहा आबाजी मरेपर्यंत समजत होता का त्याची बायको त्याचं ऐकते. तो तसाच गेला, मले आता कोणाले सांगायची सोय नाई. हा जिवंत हाय.

त्याचा पत्ता काढ. जाडीले विचार, तिले माहीत असन, ती त्याच्यासमोर हासायची. त्याले कागदावर लिही, आपल्या हातानं, घाणेरड्या अक्षरात आलं तरी चालन. चिठ्ठी कोणाले टाकली ते लिही, काऊन टाकली ते लिही. माफी मागायची असन तर माग, पण ती शेवटी, एका ओळीत. पहिले खरं. त्याखाली माहं नाव अन नागभीडचा पत्ता टाक.

मले तू लिहू नको. होळीले नको, नोकरीचं काही असन तर नको, ऑपरेशनची तारीख ठरली तर बापाले कळव. तुहं पाकीट आलं तर मी फोडणार नाई, भिंतीतल्या देवळीत ठेवून देईन. या कागदाचं उत्तर मले त्या टकल्यानं पाठवायचं. त्यानंच.

रुखमा